‘काळ’चा ‘काल’ कोणी केला?

सोमवारचा उपास करणारी दोन-तीन मंडळी आमच्या मराठी विभागात पूर्वीपासून आहेत. पण २०२३ च्या पावसाळ्यात सबंध विभागालाच सोमवारचा उपास घडू लागला, आणि तोही सक्तीचा. हा उपास अन्नाचा नव्हता, फाइलींचा होता. सोमवारी सकाळी पहिला तास आटोपून मेजाशी बसावे, कॉम्प्युटर उघडावा, आणि पडद्यावर उत्तर यावे की आपण मागता ती जागा नेटवर्कवर सापडत नाही. मग सगळ्यांनी मिळून खोलीच्या कोपऱ्याकडे पाहायचे.

त्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाला लागून, एका स्टुलावर एक काळी पेटी बसलेली असते. दिसायला ती साधा कॉम्प्युटरच. पण तिला ना पडदा, ना कळफलक. कचेरीने मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी झाडून-पुसून, आत दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवून, आम्हांला सिद्ध करून दिला होता. तिच्याकडे काम एकच, सांभाळण्याचे. जो तो आपापल्या मेजावरून तारेने तिच्याकडे फाइल मागतो, ती काढून देते. ठेवायला दिली की ठेवून घेते. घरात जशी कोठीची खोली, तशी ही विभागाची कोठी. अशा पेटीला फाइल सर्व्हर म्हणतात. हल्ली मुलाबाळांचे फोटो आणि लग्नाच्या चित्रफिती ठेवण्यासाठी पुष्कळ घरांतही अशी पेटी आलेली आहे, म्हणूनच ही हकीगत सांगण्यासारखी वाटते.

आमच्या कोठीत काय होते? विद्यार्थ्यांचे प्रबंध होते, जुन्या मासिकांची छायाचित्रे होती; आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे ओव्या होत्या. सहा वर्षे आमची मुले-मुली आसपासच्या खेड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होती. अशी चारशे बारा ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे टंकलिखित पाठ त्या पेटीत होते. गाणाऱ्या बायका बहुतेक सत्तरी उलटलेल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात उलटी पडली, आणि ओवी म्हणायला निमित्तच उरले नाही. एकदा घेतलेले ध्वनिमुद्रण पुन्हा मिळेल, याची खात्री कोणी द्यावी?

रीस्टार्टचा अंगारा

सोमवारच्या दुखण्यावर आम्हांला औषध मात्र लवकर सापडले. पेटीचे बटण दाबून ती बंद करायची, दहा आकडे मोजायचे, आणि पुन्हा सुरू करायची. दोन मिनिटांत सारे सुरळीत! आठवडाभर तक्रार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. एखादा सोमवार सुटे. मग आम्हांला वाटे, गेली ब्याद. की तिसऱ्या सोमवारी ती दारात हजर.

आता मागे वळून पाहता कळते की या औषधानेच आमचा घात केला. तापात कपाळाला अंगारा लावावा, ताप आपल्या वेळेने उतरावा, आणि श्रेय अंगाऱ्याला मिळावे, त्यातला हा प्रकार. रीस्टार्टने पेटी सुरू होई हे खरे. पण ती का बंद पडली याचा माग त्याच क्षणी पुसला जाई. चोरी झाल्याबरोबर आम्हीच खोली झाडून काढीत होतो!

आणि माग नसला की माणूस काय करतो? संशय घेतो. आमचा संशय मामांवर गेला.

मामा म्हणजे आमच्या महाविद्यालयाचे शिपाई. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला त्यांची खोली आहे. रविवारी सगळीकडे सामसूम असते, तेव्हा ते एकेक विभाग उघडून निवांतपणे झाडून घेतात. मी हिशेब मांडला. पेटी शनिवारपर्यंत चालते. सोमवारी बंद सापडते. मध्ये रविवारी खोलीत कोण जाते? मामा! केरसुणीची टोके तारेला लागत असतील, नाहीतर विजेची बचत म्हणून ते बटण बंद करीत असतील. हा सिद्धान्त मला इतका पटला की एका सोमवारी, वर्गातली चार मुले दारात उभी असताना, मी मामांना चांगलेच सुनावले. आणि भिंतीवरच्या बटणाशी ठळक अक्षरांत एक कागद चिकटवला: ‘हे बटण कोणीही बंद करू नये.’ त्यातला ‘कोणीही’ हा शब्द केवळ शिष्टाचारापुरता होता. मामांना तो बरोबर कळला.

ते एवढेच म्हणाले, “सर, दिवा तर जळतच असतोय की. म्या बंद केलं असतं तर दिवा कसा जळंल? आन् रविवारी रातच्याला ती पेटी लई घुमती. पार माझ्या खोलीपातूर ऐकू येतंय.”

या चार वाक्यांत निम्मा उलगडा होता. पण मी त्या वेळी उलगडा शोधत नव्हतो. मला गुन्हेगार सापडला होता. पुढचे दोन महिने मामा ती खोली झाडताना स्टुलापासून हातभर दूर राहात, आणि तेवढ्या जागेत धूळ साचत गेली. पेटी मात्र नेमाने बंद पडतच होती. मग मी वीज खंडित झाल्यावर आधार देणाऱ्या संचाची बॅटरी बदलली, व्हायरस आहे का पाहिले, तार नवी आणली. उपयोग शून्य.

वहीचा आधार

शेवटी ऑक्टोबरात एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. मराठी घेऊन बी. ए. झाली, आणि मग कॉम्प्युटरकडे वळून आता पुण्यात अशाच मोठमोठ्या सर्व्हरांची देखभाल करते. मी सारी कहाणी सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

“सर, पेटी नेमकी किती वाजता बंद पडते?”

“अगं, सोमवारी सकाळी.”

“तुम्ही पाहता तेव्हा सोमवार सकाळ असते. ती बंद केव्हा पडते?”

मी निरुत्तर झालो. संशोधनपद्धतीवर मी पदव्युत्तर वर्गाला दरवर्षी व्याख्याने देतो. त्यातला पहिला धडा माझ्याच विद्यार्थिनीने मला दिला. तिने दोन नियम घालून दिले. एक, वही घालायची आणि तारीख-वेळेसह सगळे टिपायचे. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणे गेले, तरी ते कशाने गेले हे कळत नाही. मग ते परत आले की आपण पुन्हा अडाणीच.

अशा पेट्या स्वतःही एक रोजनिशी ठेवतात; तिला लॉग म्हणतात. ती वाचली तेव्हा दिसले की दुखणे सोमवारचे नव्हतेच, रविवारी मध्यरात्रीनंतरचे होते. आणि रविवारी रात्री अकराला पेटी आपले साप्ताहिक काम काढते: एका डिस्कवरची एकूण एक फाइल वाचून तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे. मामा म्हणत होते ते घुमणे हेच. आठवडाभर सावकाश चालणारी पेटी त्या रात्री धापा टाकीत असे, आणि तिला थंड ठेवणारा पंखा जोरात फिरत असे.

मी उत्साहाने पुढचे निदानही करून टाकले. पेटीची मेमरी नेहमीच काठोकाठ भरलेली दिसत होती; आठ गिगाबाइटपैकी मोकळी अशी जेमतेम चिमूटभर. म्हटले, हेच! मेमरी अपुरी पडते. पण विद्यार्थिनी हसली. तिने जे समजावले ते असे: डिस्क हे कपाट आहे आणि मेमरी हे मेज. कपाटातला कागद वाचायचा तर आधी मेजावर घ्यावा लागतो. आमच्या पेटीत लिनक्स ही कार्यप्रणाली होती. तिचा स्वभाव असा की मेजाचा कोपरा रिकामा दिसला की ती तिथे अलीकडे पाहिलेले कागद पसरून ठेवते. पुन्हा लागले तर कपाटापर्यंत जायला नको! नवे काम आले की जुने कागद बाजूला करते. तेव्हा भरलेले मेज हे आजाराचे लक्षण नव्हे. खरोखरच मेज अपुरे पडले, तर ही प्रणाली एखाद्या कामालाच हाकलून देते आणि तशी स्पष्ट नोंद करते. आमच्या लॉगमध्ये तशी नोंद एकही नव्हती.

वेगळेच काही तरी होते. एका रविवारी फाइली वाटून देणारा सांबा नावाचा प्रोग्रॅम कोसळलेला. दुसऱ्या रविवारी सांबा ठीक, पण प्रती काढणारा प्रोग्रॅम मेलेला. तिसऱ्या रविवारी सारी पेटीच थिजलेली. (सांबा या नावाची गंमत भाषेच्या माणसाला आवडावी अशी आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या नावावर दुसऱ्या कोणाचा हक्क निघाला, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दसूचीतून एस, एम आणि बी ही तीन अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले, आणि त्यांत ब्राझीलच्या नृत्याचे हे नाव हाती लागले.) एकच प्रोग्रॅम दर वेळी पडत असता, तर दोष त्याचा म्हणता आला असता. निरनिराळे प्रोग्रॅम निरनिराळ्या ठिकाणी पडत असतील, तर पडणाऱ्यांकडे न पाहता पायाखालची जमीन तपासावी. इथे जमीन म्हणजे मेज, म्हणजे मेमरीच. पण तिचा आकार नव्हे, तिचा खरेपणा.

चार रात्रींचे जागरण

मेमरी तपासणारा स्वतंत्र प्रोग्रॅम मिळतो. तो मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक खुणा लिहितो, परत वाचतो, आणि लिहिले ते आणि वाचले ते एकच आहे का पाहतो. तपासाच्या एका फेरीला दीड-दोन तास लागत. पेटीला पडदा जोडून मी संध्याकाळी सुरू केले. पहिली फेरी निर्दोष. दुसरी निर्दोष. घरी जावे असे मनात येत होते, पण विद्यार्थिनीने बजावले होते की निदान एक रात्र चालू द्या. तिसऱ्या फेरीत, रात्री सव्वाअकराच्या सुमारास, पडद्यावर लाल ओळ उमटली. मग दुसरी. सकाळपर्यंत एकोणीस. आणि सगळ्यांत पत्ता एकच! त्या एका घरात १ लिहिला, तर कधीकधी ० वाचला जात होता.

आमच्या पेटीत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, चार-चार गिगाबाइटच्या. दुसऱ्या रात्री पहिली पट्टी एकटी ठेवून तपासली: निर्दोष. तिसऱ्या रात्री दुसरी एकटी ठेवली: लाल ओळी. पण दोष पट्टीचा की ती बसते त्या खाचेचा? म्हणून चौथ्या रात्री तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. लाल ओळी तिच्याबरोबर गेल्या. खाच सुटली, पट्टी सापडली.

आता एक कबुली द्यायला हवी. पेटीत मूळची पट्टी एकच होती. दुसरी पट्टी मे महिन्याच्या सुटीत मीच आणली होती, जुन्या बाजारातून, घासाघीस करून, निम्म्या किमतीला. आणि पेटी अधिक चपळ होईल म्हणून स्वतःच्या हाताने बसवली होती. सोमवारचे दुखणे जूनअखेर सुरू झाले. रविवारी त्या खोलीत कोण जाते याचा हिशेब मी मांडला होता. मे महिन्यात त्या पेटीत कोणी हात घातला होता, याचा मांडला नव्हता.

गळक्या घागरी

मेमरीचे घर म्हणजे काय, हे समजले की असा बिघाड का होतो ते कळते. आज सर्वत्र वापरली जाणारी ही मेमरी रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याने आय. बी. एम. मध्ये १९६६ त कल्पिली, आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळवले. प्रत्येक घरात विजेचा अणुमात्र साठा करणारी एक घागर आणि तिच्या तोंडाशी एक झडप. घागर भरलेली म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. पण या घागरी गळक्या आहेत! भरलेली घागर थोड्याच वेळात रिती होते. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक घागर पाहून पुन्हा भरावी लागते. आठ गिगाबाइटमध्ये अशा सुमारे ६,८७२ कोटी घागरी असतात. आमच्या पट्टीतली एक घागर जरा जास्त गळकी होती. भरणाऱ्याची फेरी यायच्या आत ती कधीकधी रिकामी होई, आणि १ चा ० होई.

चांगल्या घागरीही क्वचित दगा देतात. १९७८ साली इंटेलच्या मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवून दिले की चिपभोवतीच्या वेष्टनात अत्यल्प युरेनियम-थोरियम असले, तरी त्यातून निघणारे अल्फा कण घागरीतला साठा बिघडवतात. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळेही तसे घडते. बेल्जियममधील स्कारबेक येथे १८ मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत आधिक्य निघाले बरोबर ४,०९६. बारा वेळा दोन मांडून ते एकमेकांशी गुणत गेले तर, म्हणजे दोनाच्या बाराव्या घाताला, हा आकडा येतो. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. एक घर आपोआप उलटले असावे, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला.

पण असा आघात एकदा होऊन जातो. तो दर रविवारी त्याच घरावर होत नाही. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे दोन संशोधक यांनी गूगलच्या हजारो यंत्रांची नोंद अभ्यासून २००९ साली जो निबंध लिहिला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या. आणि त्यांतला मोठा वाटा आकाशातून येणाऱ्या किरणांचा नसून खुद्द पट्टीतल्या कायमच्या दोषाचा असावा, असे दिसले. पुन्हापुन्हा येणारे दुखणे बहुधा घरचेच असते.

मग ते रविवारीच का उठे? सोमवारी रीस्टार्ट झाला की मेज रिकामे होई. आठवडाभराच्या किरकोळ कामात मेजाचा थोडाच भाग वापरला जाई. रविवारी सगळे कपाटच मेजावरून जाई, तेव्हा कुठे त्या गळक्या घागरीवर कागद येई. त्या जागी पेटीच्या स्वतःच्या हिशेबाचे पान आले, तर पेटी कोसळे.

आणि आमच्या फाइलीचे पान आले तर?

एका बिंदूचा फरक

हा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला आणि माझ्या पोटात गोळा उठला. पेटी कोसळली की निदान कळत होते. फाइलीतले एक घर उलटले, तर कोणाला कळणार? डिस्कवरचा शहाणा कागद मेजावर येताना बिघडणार, आणि बिघडलेलीच प्रत दुसऱ्या डिस्कवर इमानेइतबारे लिहिली जाणार. पूर्वीचे लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवीत की जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये. आमचा लेखनिक पाहात होता एक आणि लिहीत होता दुसरेच, आणि तेही न सांगता.

चांगली पट्टी तेवढी ठेवून आम्ही दोन्ही डिस्कवरच्या सगळ्या फाइली अक्षरशः ताडून पाहिल्या. सात फाइली जुळल्या नाहीत. सहा ध्वनिमुद्रणे आणि एक ओव्यांचा पाठ. त्या पाठात फरक फक्त एका शब्दाचा. एका प्रतीत ‘काळ’, दुसरीत ‘काल’.

मी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहात राहिलो. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे क्रमांक एकापाठोपाठचे आहेत, आणि त्यांच्या मांडणीत फरक केवळ शेवटच्या घराचा: ‘ळ’ला तिथे १, ‘ल’ला ०. ‘ग’ आणि ‘ख’ यांचेही तसेच. एक घागर गळली की ‘फळ’चे ‘फल’ होते, ‘माळ’चा ‘माल’ होतो, आणि गाय ‘खाय’ म्हणू लागते! ‘खाय’ निदान डोळ्यांना खुपते. ओवीत मात्र ‘काळ’ही चालत होता आणि ‘काल’ही चालत होता, अर्थ दोन्हींचा लागत होता, पण निराळा. उद्या एखाद्याने त्या ‘काल’वर प्रबंधातले एक पान लिहिले असते, आणि मी त्याला गुण दिले असते.

दोन प्रती भांडू लागल्या तर निवाडा कोणी करायचा? आमच्या शास्त्रात याचे उत्तर तिसरी प्रत हे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ त, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अनेक पोथ्या ताडूनच. आमच्याजवळ पोथ्या दोनच होत्या. पण इथे गुन्हेगाराची सवय कामी आली. सातही फाइलींत बिघाड एकाच जातीचा होता: १ चा ०, तोही त्याच शेवटच्या घरात. इतकेच नव्हे, मेमरीत कागद ४,०९६ बाइटांच्या पानांनी पसरले जातात, आणि प्रत्येक फाइलीतल्या चुकीच्या जागेला ४,०९६ ने भागले तर बाकी तीच उरत होती. म्हणजे सातही वेळा पानावरची तीच जागा. हा हस्ताक्षराचा पुरावा झाला. आमची घागर १ विसरत होती, ० कधीच नाही. म्हणून जिथे १ आहे ती प्रत खरी. ‘काळ’ खरा.

तरी खात्रीसाठी ते ध्वनिमुद्रण लावले. जात्याची घरघर, कोंबड्याचे ओरडणे, आणि त्यातून त्या आजींचा आवाज. त्यांनी ‘काळ’च म्हटले होते, आणि त्यांच्या तोंडी तो ‘ळ’ असा भरदार होता की चूक व्हायला जागाच नव्हती.

सात फाइली दुरुस्त झाल्या. पण मे ते ऑक्टोबर या काळात जी अडतीस ध्वनिमुद्रणे पेटीत नव्याने आली, ती येतानाच बिघडली असतील तर? मग दोन्ही प्रती सारख्याच चुकलेल्या, आणि ताडून काही कळायचे नाही. मुलांकडून त्यांचे फोन मागवले. बत्तिसांचे मूळ फोनमध्ये होते, ते जुळले. सहांचे जागा करण्यासाठी पुसून टाकलेले होते. त्या सहांपुढे आमच्या सूचीत आज ‘मुळाशी ताडून पाहिलेले नाही’ असा शेरा आहे. ती बहुधा ठीकच असतील. पण ‘बहुधा’ हा शब्द सूचीत लिहिताना हात जड झाला, हे खरे.

हॅमिंग आणि घनपाठी

या चुकांवर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. १९४७ च्या सुमारास त्यांना शनिवार-रविवारी कॉम्प्युटर वापरायला मिळे. त्या दिवसांत राखणीला माणूस नसे, आणि यंत्राला चूक आढळली की ते हातातले काम टाकून पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तो काम तसेच! (सोमवारचा उपास त्यांनाही घडला होता तर.) ते वैतागले, की यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे कळून ते दुरुस्त का करू शकत नाही? त्या वैतागातून त्यांनी १९५० साली स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली.

तिचे मर्म आपल्याकडच्या घनपाठी ब्राह्मणाला पटकन कळेल. वेदपाठात तो पहिला-दुसरा शब्द म्हणतो, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. नवा मजकूर काही नाही; पण एखादा शब्द चुकला तर तो शेजाऱ्यांशी जुळत नाही आणि लगेच उघडा पडतो. चूकदुरुस्ती करणाऱ्या मेमरीतही दर चौसष्ट घरांमागे आठ घरे जादा असतात. त्यांत मजकूर नसतो, मजकुराची साक्ष असते. एक घर उलटले तर ते ओळखून सुधारले जाते. दोन उलटली तर निदान बोंब तरी ठोकली जाते. मोठ्या सर्व्हरांत अशीच मेमरी असते. आमच्या मोडीतल्या पेटीला ती बसण्यासारखी नव्हती. पुढच्या वर्षी विभागाच्या तुटपुंज्या निधीतून आम्ही तशी मेमरी घेणारी दुसरी पेटी केली.

घरी अशी पेटी असलेल्यांना मी चार गोष्टी सांगेन. यंत्र पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर रीस्टार्ट करण्यापूर्वी दिवस आणि वेळ वहीत लिहा. दुखणे सुरू होण्याआधी काय बदलले होते, हे आधी आठवा. नवी किंवा जुनी, कोणतीही मेमरी बसवली की एक रात्रभर तपासणी चालू द्या. एक फेरी पुरत नाही. आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. दोन प्रती भांडतात, तेव्हा तिसरीच साक्षीला येते.

राहिले मामा. दोषी पट्टी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या मुलांसमोर त्यांना बोललो होतो त्यांतली तिघे विभागात होती. त्यांच्यासमोरच मी मामांना बोलावले, पट्टी दाखवली आणि म्हटले, “मामा, चूक या पट्टीची होती, आणि ही पट्टी मी आणली होती. तुम्हांला उगीच बोललो. माफ करा.”

मामांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “एवढीशी हाय की,” ते म्हणाले. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “त्येवढा कागद काढा, सर.”

मी कागद काढला. डिंकाचा चौकोनी डाग अजून भिंतीवर आहे. त्याच्याखाली खिळ्याला आता ती वही टांगलेली असते, आणि तिच्यातला रविवारचा रकाना मामा भरतात. वेळ लिहितात, दिवा लिहितात, आणि शेवटी आवाजाबद्दल एक शब्द. गेल्या रविवारी त्यांनी लिहिले आहे: ‘ठीक.’